नंबराच्या मागची बाजू

चष्मेवाल्याला आयुष्यात जे हवं होतं ते एका लाकडी फळीवर होतं. ही फळी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत, क्लबच्या भिंतीवर, घड्याळाखाली टांगलेली होती. वर सोनेरी रंगात ‘दशक’ हा शब्द आणि खाली चार नावं. त्या चौघांतले दोघे आता काठी टेकत चालत होते, एक मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेला होता आणि चौथा वारला होता. तरी चष्मेवाला दर रविवारी तिथे उभा राहून पाचव्या नावाच्या रिकाम्या जागेकडे असा टक लावून बघायचा, की नवख्या माणसाला वाटावं भिंतीवर पाल आहे.

फळीचा नियम साधा होता. क्लबच्या दोन स्पर्धा. थंडीत तीनशे किलोमीटरची सायकल, वीस तासांच्या आत. थंडी ओसरली की एकवीस किलोमीटरची डोंगर-दौड, चार तासांच्या आत. एका मोसमात दोन्ही पूर्ण केल्या की एक वर्ष धरायचं, आणि अशी सलग दहा वर्षं झाली की नाव फळीवर. मध्ये एक चुकलं की मागची सगळी वर्षं पाण्यात, पुन्हा एकपासून सुरुवात. पहिलं कोण आलं, शेवटचं कोण, याच्याशी फळीला देणंघेणं नव्हतं. म्हणून तर ती चष्मेवाल्याच्या आवाक्यात होती. एरवी तो पहिल्या दीडशेतही कधी आलेला नव्हता.

अगदी पहिल्या खेपेला तो डोंगर-दौडीत चार मिनिटांनी हुकला. त्यानंतर मात्र ओळीने नऊ वर्षं झाली. ती कशी झाली हे ऐकायचं असेल तर चष्मेवाला दुकान बंद ठेवून सांगायला तयार असे. ऐकायचं नसेल तरीही. तीनशेच्या वाटेवर कंट्रोल नावाचे थांबे असतात. तिथे खिशातलं पुठ्ठ्याचं कार्ड काढून त्यावर शिक्का आणि वेळ घालून घ्यायची. घामाने कार्ड भिजू नये म्हणून तो ते चष्म्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवायचा आणि ही आपली युक्ती इतरांनी उचलली नाही याचं त्याला दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटायचं. मागच्या खिशात मीठ लावलेले उकडलेले बटाटे असायचे. शंभर किलोमीटरनंतर त्यांचा लगदा व्हायचा आणि तो बोटाने चाटून खावा लागायचा. एका वर्षी नव्वद किलोमीटर समोरून वारा होता, तेव्हा तो एका धिप्पाड पाववाल्याच्या पाठीमागे दडून गेला, एकदाही स्वतः पुढे झाला नाही, आणि शेवटी त्याच पाववाल्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. बूड असं सोलून निघायचं की सोमवारी गिऱ्हाइकांचे नंबर तो उभ्यानेच तपासायचा. तासन्‌तास हँडलवर रेलून करंगळ्या बधिर व्हायच्या. मग दोन-तीन आठवडे फ्रेमचे बारीक स्क्रू बोटांतून निसटायचे आणि हा गुडघ्यांवर बसून लादीवरून चुंबक फिरवत बसायचा. डोंगर-दौडीची तऱ्हा वेगळी. चढावर छाती फुटायची, पण खरा घात उतारावर. बोटं बुटाच्या टोकावर आपटून आपटून नखं काळी पडायची आणि महिनाभराने गळायची. गळलेलं नख तो हातावर घेऊन बायकोला दाखवायला जायचा.

बायको घरीच शाळेचे गणवेश शिवायची. ती मान वर करायची, नखाकडे बघायची आणि पुन्हा काज्यात सुई घालायची. चष्मेवाला क्लबात सांगायचा, आपल्याला घरचा पूर्ण पाठिंबा आहे, बायकोने अकरा वर्षांत कधी हू की चू केलं नाही. हे खरंच होतं. पहाटे साडेतीनच्या गजरावर तिने कधी कुरकुर केली नाही. सायकल झोपायच्या खोलीत आली, तिच्या साखळीचं काळं तेल दोनदा पांढऱ्या कापडाला लागलं, तेव्हाही नाही. तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन एका शुक्रवारी झालं आणि तीनशेची राइड शनिवारी होती. तो शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तिच्या उशाशी बसला, तिला शुद्ध आल्याची खात्री करून घेतली, बहिणीला बोलावून ठेवलं आणि मग गेला. रविवारी दुपारी परत आला तो कार्ड दाखवतच. सलाईन लावलेल्या बायकोला त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी राइड सांगितली. कुठे पंक्चर झालं, कुठे झोप आली, शेवटी किती मिनिटं हातात राहिली. ती डोळे मिटून ऐकत होती. डोळे मिटून माणूस ऐकतं की दुसरं काही करतं, हा विचार त्याच्या डोक्यात आला नाही. येणार कसा, डोक्यात फळी होती.

दहाव्या मोसमाची तीनशेची राइड त्याने एकोणीस तास चाळीस मिनिटांत कशीबशी काढली आणि तिथेच उजवा गुडघा गेला. डॉक्टरने फोटो उजेडाला धरून सांगितलं, आतली गादी फाटली आहे, चढ एक वेळ चालेल पण उतार विसरायचा. चष्मेवाल्याने विचारलं, फक्त एकच उतार असेल तर? डॉक्टरने फोटो पाकिटात घातला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तीन आठवडे राहिले होते. त्याने पट्टा बांधून बघितलं, बर्फ लावून बघितलं, उलटं चालून उतरता येतं का तेही बघितलं. उलटं चालताना तो एका बाकावर आपटला. पुढच्या वर्षी पुन्हा एकपासून सुरू करायचं म्हणजे दहावं वर्ष त्रेसष्टीत येणार. रात्र रात्र त्याला झोप लागेना आणि दिवसा तो गिऱ्हाइकांना चुकीच्या काचा बसवू लागला.

अशात सुतार भेटला. सुतार त्याच्याच क्लबातला, अडतीस वर्षांचा, काटक, डोंगरावर शेळीसारखा पळणारा. याने मनात आणलं असतं तर दोन तास वीस मिनिटांत दौड संपवून खाली गवतावर लोळत पडला असता. पण त्या वर्षी प्रवेश सुरू झाल्यापासून अकरा मिनिटांत भरले आणि सुतार तेव्हा कोणाच्या तरी माळ्यावर खिळे ठोकत होता. त्याला जागा मिळाली नाही. एकाकडे नंबर होता आणि पाय नव्हते, दुसऱ्याकडे पाय होते आणि नंबर नव्हता. पुढचं कोणी कोणाला सुचवलं यावर दोघांनी नंतर वेगवेगळं सांगितलं. पण दुकानाच्या मागच्या खोलीत सुताराला खुर्चीवर बसवून चष्मेवाल्यानेच सगळं समजावलं, हे दोघांनाही मान्य होतं.

दुसऱ्याच्या नंबरावर धावणं हे या लोकांत सगळ्यात मोठं पाप. पण सगळ्यात जास्त होणारंही तेच. चष्मेवाल्याने तयारी मात्र अशी केली की पोरीच्या लग्नातही केली नव्हती. आपली पिवळी टोपी दिली, आपला जुना निळा शर्ट दिला, डोळे दिसू नयेत म्हणून दुकानातला काळा गॉगल दिला. तोही सुताराच्या चेहऱ्याला बसेल असा, काड्या गरम करून वाकवून. दोघांची उंची सारखीच होती. आणि मुख्य म्हणजे, त्याने एक कागद दिला. त्यावर दर दोन किलोमीटरला किती वाजले पाहिजेत ते लिहिलं होतं.

सुताराने कागद वाचला आणि म्हणाला, “दादा, हे तर चालण्याच्या वेळा आहेत.”

चष्मेवाला म्हणाला, “माझ्या वेळा आहेत. तीन तास पन्नास मिनिटं. त्याच्या आत यायचं नाही. तू अडीच तासांत आलास तर लोक मला उचलून घेतील आणि टोपी काढून बघतील.”

सुतार हसला आणि कबूल झाला. त्याला काय, डोंगर मिळत होता. बायकोला सांगेन, तुमच्या दुकानात फळ्या ठोकायला जातोय म्हणून, असं तो म्हणाला. धावताना फोन वाजायला नको, म्हणून त्या सकाळी त्याचा फोन चष्मेवाल्याने आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवून घेतला.

सगळ्याचा विचार झाला. एका गोष्टीचा झाला नाही. छातीवर लावायच्या नंबराला मागची बाजू असते. तिथे स्पर्धेआधी आपल्या हाताने लिहायचं असतं: नाव, रक्तगट, घरचा फोन, कोणतं औषध चालत नाही. चष्मेवाल्याने दरवर्षीप्रमाणे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. स्वतःचं नाव, स्वतःचा रक्तगट, बायकोचा फोन. औषधाच्या पुढे ‘काही नाही’. मग चार पिना लावून तो नंबर त्याने आपल्या हाताने सुताराच्या छातीवर बसवला, चष्मा बसवतात तसा, दोन पावलं मागे होऊन सरळ आहे ना ते बघितलं.

बायकोलाही त्याने काही सांगितलं नव्हतं. पहाटे नेहमीसारखा गजर लावून उठला, बूट घातले, येतो म्हणाला आणि दुकानात येऊन बसला. शटर अर्ध्यावर ओढलं. गावात कोणाला दिसायचं नव्हतं. मागच्या खोलीत दिवा लावून त्याने राहिलेल्या काचा घासायला घेतल्या. मशीनवर पाणी ठिबकत होतं, काचेची पांढरी राड खालच्या ट्रेमध्ये साचत होती, आणि तो दर काही मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मनातल्या मनात सुताराला डोंगरावर पुढे सरकवत होता. आता देवळाच्या खालचा चढ. आता पाण्याचं टेबल. आता कडा. नऊ वाजले तेव्हा त्याने हिशेब केला, उतार लागला असेल. स्वतःचा गुडघा त्याने नकळत ताठ केला.

नऊ बावीसला बायकोचा फोन आला. चष्मेवाल्याने मशीन बंद केलं आणि वाजणाऱ्या फोनकडे बघत राहिला. आपण तर डोंगरावर आहोत. डोंगरावरचा माणूस फोन कसा उचलेल? फोन थांबला आणि पुन्हा वाजला. मग तिसऱ्यांदा. त्याला नवल वाटलं. इतक्या वर्षांत तिने स्पर्धेच्या दिवशी कधी फोन केला नव्हता. दहावं वर्ष म्हणून असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि खोटं कशाला सांगा, त्याला बरं वाटलं. त्याने फोन उलटा करून ठेवला आणि पुढची काच घेतली.

डोंगरावर झालं होतं ते असं. सुतार दिलेल्या कागदाप्रमाणे मागे रेंगाळत होता. त्याच्या वेगाचे लोक केव्हाच खाली पोचले होते. तो दमलेल्या, पाय ओढणाऱ्या, उतारावर बुडावर बसून घसरणाऱ्या घोळक्यात अडकला होता. त्यातल्याच एका जाडजूड माणसाचा पाय वरच्या वळणावर सुटला आणि तो गडगडत आला तो सुताराला घेऊनच खाली गेला. जाड माणूस झुडपात थांबला. सुतार दगडावर. डोकं फुटलं, उजवं मनगट मोडलं, शुद्ध गेली. स्वयंसेवकांनी धावत येऊन नंबर उलटा केला आणि नियमाप्रमाणे वाचला. नाव, रक्तगट, घरचा फोन. औषध: काही नाही. मग हॉस्पिटलात त्याला वेदनेचं एक इंजेक्शन दिलं, जे सुताराला चालत नव्हतं. त्याच्या बायकोला हे तोंडपाठ होतं. पण तिला कोण विचारणार, ती आपली नवऱ्याने फळ्या ठोकून यायची वाट बघत होती. वीस मिनिटांत त्याचा चेहरा सुजून ओळखू येईनासा झाला आणि श्वास अडकायला लागला.

चष्मेवाल्याची बायको दहा वाजून गेल्यावर पोचली. पडदा सरकवून तिने बघितलं, आणि चेहरा तेवढा सुजलेला असूनही एका नजरेत सांगितलं की हे आपले यजमान नव्हेत. मग कोण? ते तिला माहीत नव्हतं. सुताराला तिने कधी पाहिलेलंच नव्हतं. डॉक्टर म्हणत होते, याला आधी कशाची ॲलर्जी आहे, काय चालू आहे, कोणी तरी सांगा. सांगणारं एकच माणूस होतं आणि ते शटर ओढून काचा घासत बसलं होतं. बायकोने पुन्हा फोन केले. क्लबच्या सेक्रेटरी बाईंनी केले. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांच्या आवाजाने डोंगरावरचे लोकही सरळ रांगेत धावायचे. बाईंचं नाव स्क्रीनवर दिसलं तेव्हा चष्मेवाल्याने हातातली काच खाली ठेवली. कळलं, असं त्याला वाटलं. काहीतरी कळलंय, आणि आता फोन उचलला की आपण खाली आहोत हे सिद्धच होणार. म्हणून त्याने तोही उचलला नाही. दुसराही नाही. असे एकूण चौदा.

शेवटी साडेदहाला बाईंचा मेसेज आला. ‘तुमच्या नंबरावर धावणारा माणूस मरायला टेकला आहे. त्याचं नाव सांगा. बाकीचं नंतर.’

तेव्हासुद्धा त्याने आधी एक ओळ लिहिली आणि खोडली. मग दुसरी लिहिली. हे त्याने कधीच कोणाला सांगितलं नाही, पण ती तीन-चार मिनिटं गेली ती गेलीच. मग ड्रॉवरमधून सुताराचा फोन काढून तो बाहेर पडला, आणि शटर लावायचं विसरला.

सुतार वाचला. दोन दिवस मशीनवर श्वास घेत होता, पण वाचला. मनगटात दोन पट्ट्या बसल्या आणि उजव्या हाताची पकड गेली. रंधा धरता येईना. दीड महिन्याने चष्मेवाला फळं घेऊन त्याच्या घरी गेला, तेव्हा सुताराच्या बायकोने दाराची साखळी काढली नाही. फटीतून सुतारच बोलला. आवाज चढवला नाही त्याने. म्हणाला, “दादा, मी माझ्या वेगाने गेलो असतो तर त्या वेळी खाली कपडे बदलत असतो.” आणि दार लागलं. फळांची पिशवी चष्मेवाल्याने उंबऱ्याशी ठेवली. दुसऱ्या दिवशी ती दुकानाच्या पायरीवर परत आलेली होती.

क्लबने त्याला काढलं. दहावं वर्ष गेलंच, आधीची नऊही पुसली. बाईंनी पत्र लिहिलं ते तीन ओळींचं, आणि शुद्धलेखनाची एक चूक नसलेलं. सायकलवाले दुकानासमोरून जाताना मान वळवेनात. पाववाला, ज्याच्या पाठीमागे दडून त्याने वारा चुकवला होता, तो चष्मा दुरुस्तीला दुसरीकडे टाकू लागला. चष्मेवाल्याने हे सगळं खाली मान घालून सोसलं. त्याला आपली चूक कळत नव्हती असं नाही. रात्री डोळे मिटले की उलटा ठेवलेला फोन दिसायचा.

पण माणूस असा असतो की त्याला धरायला काहीतरी लागतं, आणि चष्मेवाल्याला ते सापडलं. एक नर्स चष्म्याचा नंबर काढायला आली होती, त्या दिवशी ती तिथे ड्यूटीवर होती. तिने सांगितलं, तुमच्या मिसेस किती रडल्या हो. पडदा सरकवला, माणूस दुसराच आहे म्हटल्यावर त्या मटकन खाली बसल्या. आम्ही धरून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, तरी थांबेनात. इतका जीव असतो माणसाचा, असं ती म्हणाली.

चष्मेवाल्याने तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. त्या दिवसापासून त्याचा चेहरा पालटला. फळी गेली, क्लब गेला, पण बायको आपल्यासाठी अशी रडली, हे त्याला बायकोने सांगितलं नव्हतं, परक्या माणसाने सांगितलं होतं, म्हणून ते जास्तच खरं होतं. मग तो ते सांगायला लागला. सांगायची सवय होतीच, फक्त आता किलोमीटर नव्हते. डोळ्यांमधलं अंतर मोजता मोजता सांगायचा, काडी वाकवता वाकवता सांगायचा. सगळं गेलं हो, पण घरचं माणूस कळलं. गिऱ्हाइकं मान हलवायची. काही बायकांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा यायचं. आजूबाजूच्या दुकानांत तर त्याच्या पापापेक्षा तिच्या रडण्याचीच जास्त चर्चा झाली, आणि ही गोष्ट त्याच्या फायद्याचीच होती.

घरी मात्र हा विषय कसा काढावा ते त्याला कळेना. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना तसलं काही म्हटलेलं नव्हतं. शेवटी एका शनिवारी त्याने दुपारीच दुकान बंद केलं. बायको मशीनवर होती, बाजूला निळ्या फ्रॉकांचा ढीग होता. तो पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला की सायकल मी विकतोय, परवा माणूस येऊन घेऊन जाईल. ती बरं म्हणाली. मग त्याने घसा खाकरला.

“त्या दिवशी तू हॉस्पिटलात रडलीस म्हणे. मला कळलं. मी ते विसरणार नाही.”

तिने मशीन थांबवलं. दाबपट्टी उचलून कापड बाहेर काढलं, दोरा तोडला आणि ते नीट घडी करून ढिगावर ठेवलं. मग त्याच्याकडे वळून बसली. अशी समोरासमोर ती कित्येक वर्षांत बसली नव्हती.

“मी आधीच सांगायला हवं होतं,” ती म्हणाली. “पण तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात, मग मला धीर होईना. आता मलाच विषय काढून विचारताय, तर ऐका. फोन आला तेव्हा ते म्हणाले, डोक्याला मार आहे, शुद्ध नाही, काही सांगता येत नाही. मी टॅक्सीत बसले. सुरुवातीला तुमचाच फोन लावत होते, कोणी तरी उचलेल म्हणून. मग थांबले. मी खिडकीतून बघत होते. तुमच्या बहिणीला कसं कळवायचं ते ठरवलं. पोरीला कसं सांगायचं ते ठरवलं. मग मला वाटलं, मशीन झोपायच्या खोलीत खिडकीशी नेता येईल, तिथे उजेड चांगला आहे. मग वाटलं, सकाळी गजर होणार नाही. मला बरं वाटत होतं हो. लाज वाटत होती, पण बरं वाटत होतं. पाऊण तास.”

चष्मेवाला तिच्याकडे बघत होता. आपण मध्येच काहीतरी बोलावं असं त्याला वाटलं, पण तिचं संपलं नव्हतं.

“आणि पडदा सरकवला तर तुम्ही नव्हतात. म्हणजे तुम्ही घरी येणार होतात. मग मला रडू आलं.”

बाहेर कोणाचा तरी नळ चालू होता. चष्मेवाल्याने विचारलं, मग तू मला कधी म्हणाली का नाहीस? ती म्हणाली, कधी म्हणायचं, तुम्ही आल्यापासून जाईपर्यंत राइडच सांगत असायचात. यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला उत्तर तरी देता आलं असतं. मी कुठे जाऊ का, असंही त्याने विचारून बघितलं. ती म्हणाली, या गुडघ्याने कुठे जाणार, राहा. आणि तिने पुढचा फ्रॉक ओढून घेतला, कारण सोमवारी चाळीस द्यायचे होते.

सोमवारी दुकानात पहिलं गिऱ्हाईक आलं ते बँकेतून निवृत्त झालेले एक काका. त्यांच्या फ्रेमचा स्क्रू ढिला झाला होता. चष्मेवाल्याने चष्मा दिव्याखाली घेतला आणि बारीक पेचकस लावला. काका काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले आणि आपुलकीने म्हणाले, “परवा आमच्या घरात तुमचाच विषय निघाला होता. तुमच्या मिसेस फार रडल्या म्हणे त्या दिवशी.”

चष्मेवाल्याने स्क्रू शेवटपर्यंत आवळला, काच पुसली आणि चष्मा त्यांच्या हातात दिला.

“हो,” तो म्हणाला. “फार रडली.”